हिरो मोठा होतो म्हणजे नक्की काय होतं?

मागच्या महिन्यात मी सहज लिहून गेले की गोष्टीतल्या कुमारवयीन पोरापोरींबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि झालं, इनबॉक्स भरला. अर्ध्या लोकांना वाचलेल्या पुस्तकाबद्दल भांडायचंय आणि उरलेल्या अर्ध्यांची स्वतःची कादंबरी अडकून पडलीय, पूर्वी ड्रॉवरमध्ये अडकायची, आता गूगल डॉकमध्ये. त्यातले पाच घेते. नावं छापू नका असं दोघांनी कळवलं होतं म्हणून मग कोणाचीच छापत नाही.

प्रश्न : माझ्या कादंबरीत तेरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे आजोबा आहेत. आजोबा त्याला गोष्टी सांगतात, झाडं ओळखायला शिकवतात, वडिलांच्या मारापासून वाचवतात. मध्यावर आजोबा जातात आणि मुलगा बदलतो, जबाबदार होतो. आमच्या वाचनकट्ट्यावरच्या तिघींनी वाचलं. आजोबा गेले तेव्हा तिघी रडल्या, पण पोरगा बदलला हे एकीलाही पटलं नाही. नातं तर मी जीव ओतून लिहिलंय हो. (वाचक, रत्नागिरी)

ताई, तुमची चाळीस पानं वाचली. आजोबा मलाही आवडले, जरा जास्तच आवडले, आणि गडबड तिथेच आहे. तुमचे आजोबा नुसते देत राहतात. पोरगा घेत राहतो. चाळीस पानांत त्याने आजोबांना एकदा तरी काही दिलंय का, किंवा त्यांचं काही बुडवलंय का? नाही ना. मग आजोबा गेल्यावर त्याचं नुकसान झालं एवढंच होतं, सायकल चोरीला गेल्यावर होतं तसं. वाईट वाटतं, पण माणूस त्याने बदलत नाही. आणि पान सदतीसवर ते "त्या रात्री तो एकदम मोठा झाला" आहे ना, ते वाक्य काढाच, लेखकाला जे दाखवता आलं नाही त्याची ती कबुली वाटते.

आता तुमच्याच हस्तलिखितात एक गोष्ट पडून आहे, तुम्ही ती एका ओळीत उरकलीय. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. अहो त्यात सगळं आहे. ज्यांच्या घरात हे ऑपरेशन झालंय त्यांना माहिती असेल, नंतर महिनाभर तरी ड्रॉप्सचं वेळापत्रक असतं, दिवसातून चार वेळा, मग तीन, मग दोन, आणि तो कागद फ्रिजवर चिकटवलेला असतो, ड्रॉप घातला की टिक करायची. हे काम घरातल्या मोकळ्या माणसाला लागतं, म्हणजे शाळा सुटल्यावर तुमच्या पोराला. त्याला क्रिकेट खेळायचंय. पहिले चार दिवस तो नीट घालतो, पाचव्या दिवशी खाली मित्र शिट्टी मारतो आणि हा नुसतीच टिक करून पळतो. संध्याकाळी आई विचारते, घातलेस का रे ड्रॉप्स? तो म्हणतो, हो. आता गंमत बघा, आईला फसवता येतं, पण ज्याच्या डोळ्यात थेंब पडलाच नाही त्याला कसं फसवणार? आजोबा तिथेच खुर्चीत बसलेत, हिरवी पट्टी नाहीतर काळा चष्मा लावून. आणि ते म्हणतात, "घातले की, आत्ताच घातले."

बस्स. आता या दोघांच्यात काहीतरी आहे जे घरात कोणालाच माहिती नाही. आणि ते गोड पण नाहीये, पोराला ते टोचतंय. पुढे आजोबा जातात, पण हं, कशानेही जाऊ देत, डोळ्यामुळे नको, नाहीतर ते शाळेच्या पुस्तकातला धडा होईल. दहावा-बारावा उरकतो, पाहुणे जातात, आई फ्रिज साफ करायला काढते आणि दाराच्या कप्प्यात ती ड्रॉप्सची बाटली निघते. अर्धी भरलेली. ती म्हणते, ही राहिलीच की, उघडल्यावर महिन्याभरात टाकायची असते ना. आणि फ्रिजवर अजून तो कागद आहे, सगळ्या टिका केलेल्या, एकही घर रिकामं नाही. पोरगा एकदा कागदाकडे बघतो, एकदा बाटलीकडे. तुम्ही काही म्हणू नका. तो बाटली आईच्या हातातून घेतो आणि टाकायला जातो म्हणतो आणि टाकत नाही, एवढं पुरे. तुमच्या तिघी मैत्रिणींना यापुढे तो काहीही जबाबदारीचं वागला तरी पटेल बघा.

हे माझं डोकं नाही हो, जुनीच युक्ती आहे. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये (१८६०-६१ साली साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आली होती) पिप नावाचा पोरका पोरगा बहिणीकडे वाढतो, तिचा नवरा ज्यो लोहार, आणि सगळ्या जगात या पोरावर जीव असलेला एकटा तोच. पुढे पिपला कुठून तरी पैसा मिळतो, तो लंडनला जाऊन साहेब होतो आणि एक दिवस ज्यो त्याला भेटायला येतो. त्या भेटीत ज्योची हॅट आहे. ती कुठे ठेवायची हेच त्याला कळत नाही, शेवटी शेकोटीवरच्या फळीच्या कडेला ठेवतो आणि ती सारखी खाली पडते, हा धावत जाऊन झेलतो, परत ठेवतो, परत पडते. पिपला लाज वाटत राहते. ज्योची लाज वाटते आणि ती वाटते म्हणून स्वतःचीही, आणि तरी तो काही करत नाही, नुसता चिडचिडतो. वाचणाऱ्याला पिपचा राग येतो आणि त्याच वेळी आपण कॉलेजच्या गेटपाशी आपल्या कोणत्या काकांना ओळख दाखवली नव्हती तेही आठवतं. पिप मोठा होतो तो या हॅटच्या कर्जातून, पैशातून नाही.

प्रश्न : नातं बदललं हे न सांगता कसं दाखवायचं? सगळे 'शो, डोंट टेल' म्हणतात, कसं ते कोणी सांगत नाही. (वाचक, नागपूर)

पिपचंच पुढे सांगते. ज्यो त्या भेटीत एकदा 'पिप' म्हणतो आणि एकदा 'सर' म्हणतो, मध्येच विसरून परत पिप, परत सर. खूप नंतर पिप आजारी पडतो, कर्जात बुडतो, तेव्हा ज्यो येऊन त्याची शुश्रूषा करतो, आणि तो अंथरुणाला खिळलेला असेपर्यंत पुन्हा जुन्यासारखं बोलतो. पण पिप जसजसा बरा होत जातो, पाय टाकायला लागतो, तसतसा ज्योच्या तोंडी परत 'सर' यायला लागतो. आणि एका सकाळी तो निघून गेलेला असतो. सगळं नातं एका शब्दात.

इंग्रजीत बिचाऱ्यांना 'सर'वर भागवावं लागतं. आपल्याकडे तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे, अगं-अहो आहे, आणि आपण लिहिताना ते वापरतच नाही! तुमच्या गोष्टीतली पोरगी बाबांना पहिल्या पानावर "ए बाबा" म्हणते का "अहो बाबा" म्हणते, आणि शेवटच्या पानावर काय म्हणते? मोठा भाऊ नोकरीला लागून लग्न करून आला की वहिनीसमोर धाकटा त्याला एकदम "तू" म्हणायचं टाळतो, वाक्यच असं फिरवतो की तू पण नको आणि तुम्ही पण नको, "जेवण झालं का?", "निघायचं का मग?" अशी वाक्यं. ही कसरत मराठी घरात रोज चालते. तिच्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील.

प्रश्न : मी आठवी-नववीला मराठी शिकवतो. मुलांना 'श्यामची आई' वाचायला दिलं की म्हणतात, सर, हा सारखा रडतो आणि आई सारखी सांगते. आई सांगते, मुलगा ऐकतो, सुधारतो. याला भावनिक वाढ म्हणायची का, का नुसते संस्कार? मला नीट उत्तर देता आलं नाही. (शिक्षक, चिपळूण)

सर, तुमच्या पोरांचं काही अगदीच चूक नाही. काही रात्री (पुस्तकातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय) उपदेशाच्या आहेतच, मीही त्या भराभर उलटते. पण त्यांना दोन गोष्टी दाखवा.

एक म्हणजे सांगतोय कोण. साने गुरुजींनी हे १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं, १९३५ साली पुस्तक आलं. आणि गोष्ट सांगणारा श्याम लहान नाहीये, तो आश्रमात मित्रांना रात्री बसून सांगणारा मोठा माणूस आहे, आई केव्हाच गेलेली, आणि ती गेली तेव्हा हा जवळ नव्हता. अशा ४२ रात्री. म्हणजे रडतोय तो मोठा श्याम. लहान श्याम तर चांगला लबाड आहे, पोहायला जायला नको म्हणून लपून बसतो, आईने शिंपटीने झोडपल्यावर विहिरीवर जातो. वडाला प्रदक्षिणा घालायला आई आजारी म्हणून याला पाठवते तर पोरं हसतील म्हणून तोंड वाकडं करतो. पोरांना विचारा, तुमच्यातल्या कितींना आईने असलं काम सांगितलं तर लाज वाटेल? सगळे हात वर करतील.

दुसरी म्हणजे अळणी भाजीची गोष्ट, माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात मोठी. आई पाल्याची भाजी करते आणि मीठ घालायला विसरते. वडिलांच्या पहिल्या घासालाच लक्षात येतं. आणि ते म्हणतात भाजी काय छान झालीय. पोरं वडिलांकडे बघतात आणि मुकाट जेवतात. मागाहून आई एकटी जेवायला बसते, तोंडात घास घालते, तेव्हा तिला कळतं. आता यात श्यामला कोणी काय सांगितलं? त्या क्षणी तरी काही नाही. तो नुसता तिथे बसून होता. दोन मोठी माणसं एकमेकांना कशी सांभाळतात हे त्याने बघितलं, तेही अशा काळात की घर कर्जात गेलेलं, माणूस सहज ताट आपटू शकला असता.

मला वाटतं आपण लेखक लोक इथेच चुकतो. पोराचं आईशी नातं, पोराचं वडिलांशी नातं, असं सुटं सुटं लिहीत बसतो. पण घरात मूल बहुतेक वेळा तिसरं असतं. आई-बाबांच्यात काय चाललंय, आजी आणि आत्या स्वयंपाकघरात हळू आवाजात काय बोलल्या, मामा आला की बाबा का गप्प होतात, हे सगळं ते बघत असतं आणि त्यातून प्रेम म्हणजे काय, अपमान म्हणजे काय याचा हिशोब स्वतःच लावतं, बऱ्याचदा चुकीचा. रत्नागिरीच्या ताईंना मी ते आजोबांचं "आत्ताच घातले" सुचवलं ते याच भाजीवरून, कबूल करून टाकते.

आणि हो सर, पिक्चरही दाखवा, अत्र्यांचा, १९५३चा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. काळापांढरा आहे म्हणून पोरं कुरकुरतील पहिली दहा मिनिटं.

प्रश्न : मी दहावीत आहे आणि मी एक लाँग स्टोरी लिहितेय. सगळे म्हणतात टीनएज स्टोरी आहे तर लव्हस्टोरी पाहिजेच. मला नाही टाकायची. चालेल का? (ठाणे)

चालेल की. धावेल. तुला नसेल टाकायची तर अजिबात टाकू नकोस, कारण मन नसताना घातलेला हिरो वाचणाऱ्याला लगेच कळतो.

पण एक सांगू का, 'प्रेम असणं' आणि 'लव्हस्टोरी असणं' यात फरक आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन वाचलायस का? नसशील तर 'वनवास'पासून सुरू कर, १९९४चं पुस्तक आहे. हा मुलगा आईबाबांपासून लांब, बेळगावकडच्या भागात आजी-आजोबांपाशी राहतो. त्याची मैत्रीण सुमी. लंपनला ती आवडते हे आपल्याला दिसतं, त्याला त्याचं नावही माहिती नाही, त्याला नुसतं काहीतरी होतं आणि ते त्याला 'मॅड'सारखं वाटतं (हा त्याचा शब्द, वाचलंस की तूही आठवडाभर म्हणत बसशील). लव्हस्टोरी नाहीच ती. आणि आईची आठवण, आजीचा धाक, सुमी, हे त्याच्या पोटात सगळं एकत्रच आहे, वेगवेगळे कप्पे नाहीत. या वयात कुठे असतात?

दुसरं टोक म्हणजे 'फँड्री', २०१३चा, नागराज मंजुळेचा. जब्याला शालू आवडते, तिच्यासाठी तो काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो, आणि त्या पोरीला याचा पत्ताच नाही. अख्ख्या पिक्चरमध्ये दोघांच्यात 'नातं' असं काही नाहीच, पण जब्याचं सगळं वागणं तिच्या नजरेवर चाललेलं असतं. म्हणून मग बापाबरोबर डुक्कर धरायला जावं लागतं आणि शाळेची पोरंपोरी बघायला गोळा होतात, तीही, आणि ती हसते, तेव्हा जे होतं ते नुसतं प्रेमभंगाचं नसतं, त्यात जात असते, बाप असतो, गाव असतं. शेवटी तो दगड उचलतो. एकतर्फी, न बोललेलं नातंसुद्धा माणसाला एवढं लांब नेऊ शकतं.

तेव्हा तुझ्या नायिकेला बॉयफ्रेंड नको देऊस, पण तिला कोणाच्या तरी डोळ्यांत चांगलं दिसायचंय का ते शोध. मैत्रीण असेल, क्लासमधल्या मॅडम असतील, धाकटा भाऊ पण असेल. आणि बोर्डाची परीक्षा झाली की लिही, आधी नको, तुझी आई मला शोधत येईल.

प्रश्न : माझी मुलगी इथल्या लायब्ररीतून आणते त्या पुस्तकांत आईवडील कायम मेलेले, घटस्फोटित किंवा गायब. मी मराठीत तिच्यासाठी काही लिहायला बसले तर माझ्या गोष्टीत घरभर माणसं आणि काही घडतच नाही. आईबापांना घालवल्याशिवाय मुलं मोठी होतच नाहीत का? (न्यू जर्सी)

घालवतात ते सोयीसाठी हो. आईवडील घरात असले की संकट आलं की पोरगं त्यांनाच हाक मारणार, गोष्ट संपली. आपणही घालवलेच आहेत की. लंपन आजोळी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा पण शिकायला पुण्यात, विद्याभवनच्या हॉस्टेलवर. बाय द वे, बनेश फेणे सगळ्या पुस्तकांत मोठा वगैरे काही होत नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत तस्सा ट्टॉक करत राहतो आणि आपलं काही अडत नाही. प्रत्येक गोष्टीत 'ग्रोथ' हवीच हे खूळ आपण कुठून आणलं कोण जाणे.

पण तुमच्या घरभर माणसांचं मला उलट वाटतं. ती अडचण नाहीये, तुमचं भांडवल आहे. त्यांना घालवू नका, कामाला लावा. आई आहे पण तिची नाईट शिफ्ट आहे, बाबा आहेत पण त्यांची नोकरी गेलीय आणि ते घरात सांगत नाहीयेत. असून नसलेलं माणूस मेलेल्या माणसापेक्षा लिहायला कठीण आणि वाचायला जास्त खरं.

आणि एक मधल्या वयाचा माणूस ठेवा. आपल्याकडे हा हमखास असतो, धड मोठ्यांतला नाही आणि धड पोरांतला नाही. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'मध्ये (२००४) नववीतल्या मुकुंदाला असा नरूमामा आहे. बाहेर आणीबाणी चालू, वर्गात त्याला आवडणारी शिरोडकर, मित्र सगळे सारखेच अर्धवट, आईला विचारायची सोय नाही, मग जो विषय घरात काढता येत नाही तो मामापाशी काढता येतो. तुमच्याकडे तो कोण? सहा महिन्यांसाठी आलेली मावशी चालेल, बेसमेंटमध्ये राहणारा एमएस करणारा आतेभाऊ चालेल. अमेरिकेतल्या मराठी घरांत तर असा एकजण कायम मुक्कामाला असतोच म्हणतात. त्याला आणि तुमच्या मुलीला एका गाडीत बसवा, दोन तासांचा हायवे द्या, दोघंही समोर बघतायत, कोणाच्या डोळ्यात बघायची सक्ती नाही. बोलतील आपोआप.

जाता जाता एक छोटा, कोल्हापूरहून : माझ्या कादंबरीतली आई हुबेहूब माझ्या आईसारखी झालीय, तिच्याशी झालेली भांडणं पण तीच. छापायच्या आधी तिला वाचायला देऊ का?

द्या, पण तयारी ठेवून द्या. मी माझ्या पहिल्या गोष्टीत माझी आत्या घातली होती. तिच्याकडे दोन वर्षं शिकायला होते, तेव्हा तिने माझ्यावर काय काय अन्याय केले त्याची सतरा पानं. लिहून झाल्यावर धडधडत तिला नेऊन दिली. तिने दुपारभर चष्मा लावून वाचली, मधे एकदा उठून कुकर लावला, परत बसली. मी समोर पेपर धरून बसलेले, आता काय म्हणते, आता काय म्हणते. शेवटी तिने पानं नीट जुळवून क्लिप लावली आणि म्हणाली, "छान आहे. पण मी चहात आलं कधीच घालत नाही गं, तुझ्या काकांना चालायचं नाही. तुला गवती चहा आवडायचा म्हणून रोज पहाटे उठून कुंडीतला तोडून आणायचे, ते नाही का तुझ्या लक्षात?"

नव्हतं लक्षात. सतरातली अकरा पानं परत लिहिली.